पेढीची राखण आणि राष्ट्राची राखण

गडहिंग्लज तालुक्यांत सामानगड नांवाचा एक आटोपशीर किल्ला आहे. आसपासच्या मोठ्या किल्ल्यांना रसद पुरविण्याचें हें ठाणें, म्हणून त्याचें नांव सामानगड, असें सांगतात. १८४४ सालीं या गडावरील गडकऱ्यांनीं कोल्हापूर संस्थानच्या नव्या कारभाराविरुद्ध हत्यार उचललें आणि इंग्रजांच्या फौजेला तो गड लढून घ्यावा लागला. गडकरी म्हणजे गडाचे पिढीजाद राखणदार. राखणीच्या मोबदल्यांत त्यांना जमिनी असत. त्या जमिनींवर गदा येईल अशी धास्ती पडतांच राखणदारच बिथरले. राष्ट्राच्या संरक्षणाचा विषय निघाला कीं डोळ्यांसमोर असे तट, बुरूज आणि त्यांवर जागणारे गडकरी उभे राहतात, आणि तें स्वाभाविकहि आहे.

परंतु ज्या काळीं गडावर गडकरी पहारा करीत, त्याच काळीं देशांतल्या पेठापेठांतून दुसरा एक पहारा चालू होता. पेढीवरचा मुनीम समईच्या उजेडांत हातांतला कागद उलटसुलट करून न्याहाळीत बसे, तो हा पहारा. त्याला कोणी राखणदार म्हटलें नाहीं आणि त्यासाठीं त्याला कोणी इनाम जमीनहि दिली नाहीं. तथापि त्या कागदावर केवळ गूळमिरचीचा व्यापारच चालत नसे. पेशवाईंत उत्तरेकडची वसुली पुण्यास पोंचे ती पुष्कळदां सावकारांच्या हुंड्यांच्याच रूपानें, आणि फौजेचा पगार भागे तो सावकारांनीं दिलेल्या कर्जावर. असा कागद खोटा निघाला तर धक्का बसे तो एका पेढीला नव्हे, दौलतीला बसे.

ज्याला सांप्रत सायबर सुरक्षा असें म्हणतात, तिचा इतिहास संगणकापासून आरंभण्याचा प्रघात पडला आहे. तो हुंडीपासून आरंभला, तर पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा सोपा होतो. कारण यंत्र बदललें तरी प्रश्न तोच राहिला आहे: दूर देशीं असलेल्या माणसाकडून आलेला निरोप खरा कीं खोटा, हें ओळखावयाचें कसें, आणि तो खोटा निघाला तर त्याची जबाबदारी कोणी घ्यावयाची?

हुंडीचें अंतरंग पाहिलें म्हणजे जुन्या व्यापाऱ्यांच्या सावधपणाचें कौतुक वाटतें. हुंडींतील रक्कम एकदांच लिहून कोणी थांबत नसे. ती अंकीं लिहावयाची, अक्षरीं लिहावयाची, आणि शिवाय तिची निमपट सांगून तिच्या दुपटीनें पुन्हां पुरी करावयाची. शंभर रुपयांची हुंडी असेल तर ‘निमे पन्नास, त्यांचे दुप्पट पुरे शंभर’ अशा धर्तीचा मजकूर तींत यावयाचा. एखाद्या लबाडानें एका ठिकाणीं शून्य वाढविलें, तरी दुसऱ्या ठिकाणची निमपट त्याला पकडून देई. आजच्या संगणकशास्त्रांत निरोपाबरोबर त्याची पडताळणी करणारा आंकडा पाठविण्याची जी युक्ति आहे, तिचें बीज या ‘निमे’ शब्दांत दिसतें असें म्हटलें तर फारसें वावगें होणार नाहीं.

पैसे कोणाला द्यावयाचे, यालाहि बंधन होतें. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाहि वाटसरूच्या हातीं पडत नसत. ती बाजारांत पत असलेल्या ‘शाहा’मार्फतच वटवावी लागे. म्हणजे कागद चोरणारा चोर पेठेंत आला, तरी त्याच्यासाठीं आपलें नांव लावणारा प्रतिष्ठित मनुष्य त्याला मिळाला पाहिजे. आणि असा मनुष्य खोट्या हुंडीपायीं जबाबदार धरला जाई. हुंडी वाटेंत गहाळ झाली तर ‘पैठ’ लिहून देत. पैठहि हरवली तर ‘परपैठ’. पैसे चुकते झालेल्या हुंडीला ‘खोका’ म्हणत आणि ती फिरून कोणाच्या हातीं पडून दुसऱ्यांदा वटणार नाहीं अशा रीतीनें दप्तरांत टाचून ठेवीत. या साऱ्या नियमांपैकीं एकहि राजाच्या हुकमानें निघालेला नव्हता. व्यापाऱ्यांनीं ते आपापसांत ठरविले आणि आपापसांत पाळले. ब्रिटिश अमदानींत १८८१ सालीं चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हां त्यांतहि देशी भाषांतील अशा कागदांच्या रूढींना हात लावण्यांत आला नाहीं.

लिपीचीहि एक तटबंदी होती. मारवाडी व गुजराती पेढ्यांवर चालणाऱ्या महाजनी लिपींत काना, मात्रा, वेलांटी यांना बहुधा फांटा दिलेला असे. परका मनुष्य तो मजकूर वाचूं शकत नसे, हा फायदा. कधीं कधीं घरच्या माणसालाहि तो वाचतां येत नसे, हा तोटा. काकाजी अजमेरला गेल्याचें पत्र ‘काकाजी आज मेले’ असें वाचून घरांत रडारड झाल्याची गोष्ट उत्तरेंत सर्वतोमुखीं आहे. गुप्तता वाढविली कीं सोय घटते, हा सुरक्षेच्या शास्त्रांतला सिद्धांत यापेक्षां सोप्या भाषेंत कोणी सांगितला नसेल.

तथापि या जुन्या व्यवस्थेंत एक उणीव होती. पेढीचें सारें भांडवल म्हणजे तिची पत. फसवणूक झाली आणि ती चारचौघांत फुटली, तर रकमेहून पतीचें नुकसान मोठें होई. दिवाळें निघालेल्या पेढीवर भरदिवसां दिवा लावण्याची चाल होती असें सांगतात. तो दिवा आपल्या दारीं लागूं नये म्हणून सावकार झालेली ठोकर मुकाट्यानें सोशीत आणि वहींत ती भलत्याच सदराखालीं जिरवीत. परिणामीं, एका पेठेंत फसवणूक करून गेलेला ठक शेजारच्या पेठेंत त्याच युक्तीनें दुसऱ्याला फसवावयास मोकळा राही. हा लपवाछपवीचा स्वभाव पुढें दीडदोनशें वर्षें टिकला आणि संगणकाच्या युगांत तर तो राष्ट्राला फार महाग पडला. त्याकडे पुढें यावयाचेंच आहे.

दूरच्या निरोपाला तारेचें वाहन मिळण्याच्याहि आधींची एक फ्रान्समधील हकीकत या संदर्भांत उल्लेखनीय आहे. तेथें टेकड्याटेकड्यांवर मनोरे बांधून, त्यांवरील लांकडी हात हलवून सरकारी बातम्या पोंचविण्याची व्यवस्था होती. ती केवळ सरकारी कामासाठीं होती; व्यापाऱ्यांना टपालगाडीची वाट पाहावी लागे. बोर्दो शहरांत सरकारी रोख्यांचा सट्टा खेळणाऱ्या फ्रान्स्वा आणि जोझेफ ब्लाँ या दोघा भावांनीं १८३४ सालीं तूर येथील एका नोकराला लांच देऊन वश केलें. पॅरिसचा भाव वर गेला कीं खालीं आला, याची खूण तो सरकारी निरोपांत एक मुद्दाम चूक घालून पुढें पाठवी. चूक शेवटच्या ठाण्यावर दुरुस्त होई. परंतु मधल्या मनोऱ्याकडे डोळे लावून बसलेला ब्लाँ बंधूंचा माणूस ती आधींच टिपून घेई. दोन वर्षें हा प्रकार निर्वेध चालला. अखेर तो फुटला आणि खटला उभा राहिला, तेव्हां न्यायालयाला असें आढळलें कीं हा अपराध ठरविणारा कायदाच देशांत नाहीं! भाऊ सुटले. १८३७ सालीं फ्रान्सनें घाईघाईनें कायदा करून दूरसंदेशाची सत्ता सर्वस्वीं सरकारकडे घेतली.

चोर पुढें आणि कायदा मागें, ही चाल येथून सुरू झाली ती आजतागायत बदललेली नाहीं. हिंदुस्थानांत तार १८५५ सालीं सर्वांना खुली झाली. व्यापाऱ्यांनीं आपल्या तारा सांकेतिक शब्दांत पाठवून आपला बचाव आपणच केला. एका शब्दांत सबंध वाक्य बसविणारे कोश विकत मिळत. त्यांत शब्दांचे पैसेहि वांचत आणि तारमास्तराच्या डोळ्यांपासून बाजारभावहि झांकला जाई.

संगणक बँकांच्या कचेऱ्यांत शिरले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. पहिल्यानें त्यांचें स्वरूप जाड्या खतावणीसारखें होतें. यंत्र एकेकटें असे. एका यंत्रांतली माहिती दुसऱ्यांत न्यावयाची तर पातळ तबकडी खिशांत घालून न्यावी लागे. त्या तबकडीबरोबरच रोग पसरला. वैयक्तिक संगणकांत सर्वत्र फैलावलेला पहिला विषाणू १८८६ नव्हे, १९८६ सालचा, इतका हा इतिहास अलीकडचा आहे. आणि तो निर्माण झाला लाहोरांत, दोघा दुकानदार भावांच्या हातून. आपण तयार केलेल्या प्रणालीची चोरी होते म्हणून त्यांनीं हा ‘ब्रेन’ विषाणू सोडला आणि त्यांत आपलें नांव, पत्ता आणि दूरध्वनीचा क्रमांकहि घातला. पुढच्या चोरांनीं अर्थातच हा भोळेपणा केला नाहीं.

या रोगावर देशी औषध निघालें तेंहि दोघा भावांच्याच दुकानांतून, पुण्यांत. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपुराकडचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यांत रेडिओ व गणकयंत्रें दुरुस्त करण्याच्या दुकानांत नोकरीस लागले. पुढें त्यांनीं मंगळवार पेठेंत स्वतःचें दुरुस्तीचें दुकान घातलें आणि १९९३ सालीं कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही संस्था काढली. धाकटे बंधु संजय यांना त्यांनीं संगणकाचें शिक्षण घ्यावयास लावलें. दुरुस्तीला येणारीं पुष्कळशीं यंत्रें मोडलेलीं नसून विषाणूनें बिघडलेलीं असतात, हें दुकानाच्या फळीवरच ध्यानांत आलें. संजय यांनीं एकेका विषाणूवर एकेक उतारा लिहिला आणि १९९५ च्या सुमारास त्यांतून ‘क्विक हील’ तयार झालें. २००७ सालीं संस्थेलाच तें नांव मिळालें आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें तिचे भाग शेअरबाजारांत आले.

या कथेंत एक गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती सहसा सांगितली जात नाहीं. परदेशी कंपन्यांचें औषध मोठ्या शहरांतल्या मोठ्या कचेऱ्यांना परवडे. क्विक हील स्वस्त होतें, आणि तें मुख्यतः संगणक विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या लहान दुकानदारांच्या हातून तालुक्यांच्या गांवापर्यंत गेलें. ज्या काळीं सरकारला या संकटाचें नांवहि नीट ठाऊक नव्हतें, त्या काळीं तालुक्याच्या पेठेंतील आडत दुकानाचा हिशेब वांचविला तो दुरुस्ती करणाऱ्या कारागिरानें. माहिती तंत्रज्ञानाचा कायदा अंमलांत आला १७ ऑक्टोबर २००० रोजीं. अशा हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था कामास लागली जानेवारी २००४ मध्यें, आणि तिला कायद्याचा पुरा आधार मिळाला तो २००८ च्या दुरुस्तीनें. त्याच वर्षीं नॅसकॉम या उद्योजकांच्या संघानें माहितीच्या सुरक्षेसाठीं ‘डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया’ ही संस्था स्वतःहून उभी केली. पहिलें राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण निघालें २०१३ सालीं. त्यांतहि खाजगी उद्योगांच्या सहकार्याची अपेक्षा जागोजाग व्यक्त केली आहे. सहकार्य न केल्यास काय, हें मात्र त्यांत नाहीं.

तोंवर यंत्रें एकेकटीं राहिलीं नव्हतीं. सारीं एकमेकांस जोडलीं गेलीं होतीं, आणि शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग आपल्याहि घरीं येते, याचा अनुभव महाराष्ट्राला २७ जून २०१७ रोजीं आला. त्या दिवशीं न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्याचें काम एकाएकीं बंद पडलें. धक्का चालवीत होती डेन्मार्कच्या मेअर्स्क समूहांतील कंपनी. मालाच्या पेट्या कोणाच्या, कोठें उतरावयाच्या, कोठें चढवावयाच्या, हें सांगणारे संगणक मुके झाले आणि मालमोटारी अडकून पडल्या. बंदराशीं कोणाचें वैर नव्हतें. हल्ल्याचें लक्ष्य होतें युक्रेन. अमेरिका व ब्रिटन यांनीं पुढें फेब्रुवारी २०१८ मध्यें त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. हल्लेखोर शिरले ते युक्रेनमधील एका लहान कंपनीच्या दारांतून. कर भरण्याच्या व हिशेबाच्या कामीं तेथील व्यापारी तिची प्रणाली वापरीत. त्या प्रणालीची नवी आवृत्ति म्हणून जें आलें तें विष होतें. तें मेअर्स्कच्या तेथील कचेरींत शिरलें आणि तेथून जगभर गेलें.

मेअर्स्कला सुमारे ४,००० मुख्य यंत्रें आणि ४५,००० संगणक नव्यानें उभारावे लागले. समूहाच्या जाळ्याचा मूळ आराखडा ज्या यंत्रांत होता, तीं सारीं यंत्रें नष्ट झालीं; वांचलें तें एकच, आफ्रिकेंतील घाना देशांतलें, कारण हल्ल्याच्या वेळीं तेथें वीज गेलेली होती! वीज जाण्यावर चिडणाऱ्या कोल्हापूरकडच्या मंडळींनीं ही हकीकत अवश्य ध्यानांत ठेवावी. गंमतीची गोष्ट सोडली, तरी अर्थ गंभीर आहे. बंदर राष्ट्राचें, धक्का परक्या कंपनीचा, भोंक तिसऱ्याच देशांतील हिशेबनीसांच्या प्रणालीला, आणि खोळंबा येथल्या निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांचा. यांत राष्ट्राची सीमा नेमकी कोठें आणि तिच्यावर पहारा कोणाचा?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार वेळ मिळाला नाहीं. तत्पूर्वीं, फेब्रुवारी २०१६ मध्यें बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नांवें न्यूयॉर्क येथें खोटे निरोप जाऊन ९५ कोटि डॉलरांची मागणी करण्यांत आली होती. त्यांतले ८ कोटि १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्यें गडप झाले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटि मात्र वांचले. पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नांवांत ‘फाउंडेशन’ हा शब्द चुकीचा लिहिला गेला होता आणि मधल्या एका खाजगी बँकेनें त्याबद्दल पृच्छा केली. जुन्या पेढीवरचा मुनीम कागद न्याहाळीत बसे, तो नेमका अशा अक्षरासाठीं.

त्याच वर्षीं जूनच्या २ तारखेस रिझर्व्ह बँकेनें व्यापारी बँकांसाठीं सायबर सुरक्षेची नियमावली जारी केली. नागरी सहकारी बँका तींत नव्हत्या. हा निर्णय त्या वेळीं समंजसपणाचा वाटला असेल. लहान बँकांवर मोठा खर्च कशाला लादावा, हा विचार कांहीं अगदींच चुकीचा नव्हे. परंतु तटाला जेथें पहारा नाहीं तेथेंच शिडी लागते, हें सांगावयास शिवकालाचा दाखला द्यावा लागूं नये.

१९०६ सालीं पुण्यांत स्थापन झालेली कॉसमॉस बँक ही देशांतील अग्रगण्य नागरी सहकारी बँकांपैकीं एक. शुक्रवार ता. १० ऑगस्ट २०१८ रोजीं अमेरिकेच्या एफबीआयनें बँकांना गुप्त इशारा दिला होता कीं जगभरच्या एटीएम यंत्रांतून एकाच वेळीं पैसे काढण्याचा मोठा कट शिजत आहे. दुसऱ्याच दिवशीं, शनिवारीं, तो पुण्यावर कोसळला. एटीएमांत कार्ड घातलें कीं ‘या खात्यांत पैसे आहेत काय?’ असा प्रश्न बँकेकडे जातो आणि बँकेचें उत्तर आल्यावर नोटा बाहेर पडतात. चोरांनीं या प्रश्नोत्तरांच्या मध्यें आपलें खोटें उत्तर देणारें यंत्र बसविलें. प्रश्न बँकेच्या खतावणीपर्यंत पोंचेनाच. मधल्यामध्यें ‘आहेत, द्या’ असें उत्तर जाऊं लागलें. हुंडीच्या भाषेंत सांगावयाचें तर मुनीमाच्या गादीवर चोरच बसला आणि येईल ती हुंडी सकारूं लागला.

कांहीं तासांत २८ देशांतील यंत्रांतून सुमारे १२,००० व्यवहारांनीं ७८ कोटि रुपये, आणि भारतांतील यंत्रांतून २,८४९ व्यवहारांनीं अडीच कोटि रुपये काढले गेले. सोमवारीं, ता. १३ रोजीं, १३ कोटि ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेंतील खात्यावर पाठविण्यांत आले. एकंदर ९४ कोटि ४२ लाख. देशांत ज्या गांवीं बनावट कार्डें घेऊन माणसें उभीं होतीं त्यांत कोल्हापूरहि होतें. कट शिजला तो समुद्रापलीकडे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानें २०१९ च्या आपल्या अहवालांत या प्रकरणाचा संबंध उत्तर कोरियाशीं जोडला. आणि त्या कटाचे शेवटचे हात मात्र आपल्या ओळखीच्या रस्त्यांवरच्या यंत्रांतून नोटा मोजून घेत होते. एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांना दोषी ठरविलें. हे सारे पैसे काढणारे व त्यांना हाताशीं धरणारे. खोटें यंत्र बसविणारांपर्यंत येथल्या कायद्याचा हात पोंचला नाहीं.

या प्रकरणीं बँकेच्या बाजूनें एक गोष्ट नोंदविली पाहिजे. तिनें चोरी वहींत जिरविली नाहीं. सोमवारचा हाँगकाँगचा व्यवहार झाल्यावर दुसऱ्याच दिवशीं चतुःशृंगी पोलिस ठाण्यांत फिर्याद दाखल झाली, आंकडे प्रसिद्ध झाले, आणि खातेदारांच्या ठेवींना धक्का लागलेला नाहीं असें बँकेनें जाहीर केलें. पतीच्या भीतीनें गप्प बसण्याची जी जुनी खोड, ती येथें मोडली गेली. आणि तिचें फळ मिळालें. हल्ल्याची रीत उघड झाल्यामुळें इतर बँकांना आपापलीं दारें तपासतां आलीं, आणि ता. १९ ऑक्टोबर २०१८ रोजीं रिझर्व्ह बँकेनें नागरी सहकारी बँकांसाठींहि प्राथमिक नियमावली काढली. व्यापारी बँकांनंतर दोन वर्षें साडेचार महिन्यांनीं, आणि चोरीनंतर दोन महिन्यांनीं. ३१ डिसेंबर २०१९ च्या आदेशानें बँकांच्या चार पायऱ्या पाडण्यांत आल्या. जितकें जाळें मोठें तितकी जबाबदारी मोठी.

लपविण्याच्या खोडीवर सरकारनेंहि नंतर सरळ घाव घातला. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वयें कोणत्याहि कंपनीला आपल्यावरील हल्ला ध्यानांत आल्यापासून ६ तासांच्या आंत सर्ट-इनला कळविणें बंधनकारक झालें, आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणें आवश्यक ठरलें. व्यापारी संघांनीं यावर मोठी तक्रार केली. ती सर्वस्वीं खोटी म्हणतां येत नाहीं. सहा तासांत आग कोठें लागली हेंच पुष्कळदां कळत नाहीं, मग अर्ज काय भरावा? लहान उद्योगांना म्हणून २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली गेली. तथापि मुदतीच्या वादांत मूळ मुद्दा दृष्टीआड होतां कामा नये. शेजारच्या पेढीवर ठक येऊन गेला हें आपल्याला वेळेवर कळावें, यांत सर्वाधिक हित लहान व्यापाऱ्याचेंच आहे. कारण मोठ्याला स्वतःचे पहारेकरी नेमतां येतात.

लहानानें काय करावें, हा प्रश्न येथें खरोखर बिकट होतो. गडहिंग्लजच्या परिसरांतील जीवन सहकारावर उभें आहे. हरळीचा साखर कारखाना, दूधसंस्था, सेवा संस्था, पतसंस्था, बँका. शेतकऱ्याच्या उसाचे पैसे खात्यावर येतात, मिरचीचे पैसे फोनवरून फिरतात. अशा संस्थेला रात्रंदिवस जागणारे तज्ज्ञ पगारावर ठेवणें परवडत नाहीं. मग दहावीस नव्हे तर शेंकडों संस्था मिळून एकाच कंपनीकडे आपलें संगणकाचें काम सोपवितात. व्यवहार म्हणून हें शहाणपणाचें आहे. शंभर घरांनीं मिळून एक रामोशी ठेवावा, तसें हें झालें. मात्र रामोशी निजला तर शंभर घरें एकदम उघडीं पडतात.

३१ जुलै २०२४ रोजीं तेंच घडलें. लहान बँकांचें काम पाहणारी सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी खंडणीखोर विषाणूच्या तडाख्यांत सांपडली. ती कांहीं अडाण्यांनीं चालविलेली नव्हती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि स्टेट बँक यांची ती भागीदारी. देशाच्या देवघेवीचें जाळें चालविणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळानें रोग पसरूं नये म्हणून या कंपनीचा दुवाच तोडून टाकला. त्याबरोबर सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे खातेदार यूपीआय आणि इतर देवघेवीच्या मार्गांपासून तुटले. देशाच्या एकंदर उलाढालींत या बँकांचा वांटा अत्यल्प, असें तेव्हां सांगण्यांत आलें. आंकड्यांच्या दृष्टीनें तें खरेंच आहे. परंतु ज्याचें एकमेव खातें अशा बँकेंत, त्याचा वांटा त्या दिवशीं सोळा आणे बंद होता.

तपासणी झाली आणि १ ऑगस्टला तुटलेला दुवा पुन्हां जोडण्यांत आला. पैसे कोणाचे गेले नाहींत. दार वेळेवर लावलें म्हणून गेले नाहींत. आणि दार लावलें त्या रात्रीं त्या तीनशें बँकांचे खातेदार दाराबाहेर राहिले.